नऊ बाय पाच

टेबल टेनिसचं टेबल नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद असतं, हे मला खोटं बोलून झाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी कॅरम म्हटलं असतं.

खोटं मुलीशी बोललो. ती रोज संध्याकाळी सात वाजता फोन करते. "बाबा, जेवलात का?" सात वाजता कोण जेवतं? पण मी "हो" म्हणतो, कारण "नाही" म्हटलं की मागून आणखी चार प्रश्न येतात. मग ती विचारते, "आज काय केलंत?" मी म्हणतो, "काही नाही." तिची आई जाऊन आठ महिने झाले होते. म्हणजे साधारण अडीचशे वेळा मी "काही नाही" म्हटलं होतं, आणि दर वेळी ते खरं होतं. खरं बोलण्याचा फायदा असा झाला की एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, हे असं चालणार नाही. मी पुढच्या महिन्यात येते आणि तुम्हाला घेऊनच जाते. आमच्याकडची मागची खोली रिकामी केलीय. ते घर भाड्याने देऊन टाकू."

'ते घर' म्हणजे मी ज्यात उभा होतो ते. ज्या घरात ती रांगायला शिकली ते घर एका वाक्यात 'ते' झालं. समोर आवाज बंद केलेल्या टीव्हीवर दोन माणसं टेबल टेनिस खेळत होती. मी म्हणालो, "अगं, मी कसा येणार? माझं टेबल टेनिस चालू आहे."

तिने विचारलं, "कुठे?"

इथे मी चुकलो. क्लबात म्हणायला हवं होतं. क्लब कोण तपासतं? पण खोटं बोलायला सराव लागतो, आणि आमच्या घरात ते काम हिच्याकडे होतं. वर्गणीवाले आले की मी आतल्या खोलीत आणि ही दारात, "ते बाहेरगावी गेलेत." इतकं सहज म्हणायची की एकदोनदा मलाच वाटलं, गेलोय की काय. मी म्हणालो, "घरी."

"घरी? आपल्या हॉलमध्ये?"

"हो."

"बघतेच आता मी," ती म्हणाली आणि येण्याची तारीख सांगितली. तीन आठवडे होते.

मी एकोणचाळीस वर्षं एका कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. माझ्या हयातीत एकही खोका दारात अडकलेला नाही. माल यायच्या आधी जागा मोजायची, वहीत लिहायची, मगच गाडी आत घ्यायची, ही माझी पद्धत. त्याप्रमाणे मी टेप काढला. हॉल साडेतेरा बाय दहा. टेबल नऊ बाय पाच. लांबीत दोन्ही टोकांना सव्वादोन-सव्वादोन फूट, रुंदीत दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट मोकळे. झाडू फिरवायलासुद्धा जागा. वहीत लिहिलं : 'बसते.' खाली रेघ मारली आणि सही केली. ती वही अजून आहे. कधी स्वतःबद्दल फार बरं वाटायला लागलं तर मी ती उघडून बघतो.

दुकानात जायचं तर बरोबर जाणता माणूस हवा, म्हणून शेजारच्या कप्तानांना घेतलं. कप्तान म्हणजे फौजेतले नव्हेत. त्यांच्या बँकेच्या टेबल टेनिस संघाचा खरा कप्तान तापाने आडवा झाला, तेव्हा एका सामन्यापुरते हे कप्तान झाले. सामना हरले, पण पद सोडलं नाही. त्याला तीस वर्षं झाली.

दुकानदार बारीक माणूस होता. त्याने एका ओळीत तीन टेबलं मांडली होती आणि प्रत्येकावर एकेक चेंडू टाकून तो म्हणाला, "आवाज ऐका." मी ऐकला. तिन्ही आवाज एकच होते. कप्तानांनी मात्र डोळे मिटले आणि तिसऱ्या टेबलापाशी मान डोलावली. "फळी जाड आहे," ते म्हणाले. "पातळ फळीवर चेंडू उडत नाही हो, नुसता उठतो."

"घरी खेळणार कोण कोण?" दुकानदाराने विचारलं.

"मी."

"आणि?"

या प्रश्नाचं उत्तर मी वहीत लिहिलं नव्हतं. कप्तान पुढे सरसावले. "मी आहे ना! रोज संध्याकाळी तासभर. यांना तयारच करतो."

"तरी हे बघून ठेवा," दुकानदार म्हणाला, आणि त्याने टेबलाचा अर्धा भाग उभा केला. टेबलाच्या मध्यावर भिंतच उभी राहिली. त्याने चेंडू मारला, तो भिंतीवर आपटून परत आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. "एकट्या माणसासाठी ही सोय आहे. समोरचा थकत नाही, चिडत नाही, तुम्ही जेवढं द्याल तेवढंच परत."

मी त्या भिंतीकडे बघत राहिलो. आमच्याकडे हे काम मी करत असे. ही बोलायची आणि मी "हं" म्हणायचो. पस्तीस वर्षं ती बिचारी एकटीच खेळली. ती नक्की थकली असणार, पण तसं कधी म्हणाली नाही. किंवा म्हणाली असेल आणि मी "हं" म्हटलं असेन.

"हेच द्या," मी म्हणालो.

मग बॅटी. मला वाटत होतं बॅट म्हणजे लाकडाचा तुकडा आणि वर रबर. कप्तानांनी पाऊण तास रबर या एका विषयावर घालवला. एक रबर गुळगुळीत असतं, एकाला बारीक दाणे असतात, एकाच्या खाली स्पंज असतो. ते अंगठ्याने घासून बघायचं, नाकाशी न्यायचं. "रबर म्हणजे माणसाचा स्वभाव, स्टोअरसाहेब," ते म्हणाले. "तुम्हाला दाणेदार चालेल. समोरून काहीही येवो, त्याचं तेज मरतं." हे कौतुक होतं की काय, ते मी विचारलं नाही. दोन बॅटी, बारा चेंडू आणि जाळी घेतली. जाळी टेबलाला आवळायचे दोन स्क्रू असतात. त्यातला एक पहिल्या दिवसापासून फिरत नाही. दुकानदार म्हणाला, वापरून वापरून मोकळा होईल. 

शनिवारी टेम्पो आमच्या इमारतीच्या फाटकाशी आला आणि सेक्रेटरी आडवे आले.

आमचे सेक्रेटरी वाईट माणूस नाहीत. वाईट माणसाशी भांडता येतं. ते नियमाचे आहेत. हातात कायम एक फाइल, आणि बोलताना नजर फाइलवर. "जड सामान," ते म्हणाले. "पन्नास किलोच्या वर. दुसऱ्या मजल्याच्या वर न्यायचं तर सोसायटीची लेखी परवानगी लागते."

मी तिथेच टेम्पोच्या बोनेटवर कागद ठेवून अर्ज लिहिला. त्यांनी वाचला, फाइलमधलं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं.

"सही चुकीची आहे."

"माझीच आहे ती."

"तुम्ही दुसरे सभासद. अर्जावर पहिल्या सभासदाची सही लागते. पहिल्या सभासद मॅडम आहेत."

फ्लॅटचं कर्ज हिच्या ऑफिसातून मिळालं होतं, म्हणून तिचं नाव आधी. हे खरं. पण मी सेक्रेटरींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"अहो," मी म्हणालो, "हॉस्पिटलमधून तिला शेवटचं घरी आणलं ती गाडी तुमची होती."

"होती."

"तुम्हीच चालवत होता."

"ते माणूस म्हणून," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी फाइलवरून नजर वर उचलली. "सेक्रेटरी म्हणून मला काही कळवलेलं नाही. आठ महिने झाले, साहेब. मी तीनदा आठवण दिली. मृत्यूचा दाखला जोडायचा, नाव कमी करण्याचा अर्ज द्यायचा आणि वारसांचं ना-हरकत पत्र आणायचं. की तुमचं नाव पहिलं."

तीन आठवणी मला आल्या होत्या. तिन्ही पाकिटं मी फ्रिजवर ठेवली होती आणि फ्रिजकडे बघायचं टाळत होतो. दाखल्याच्या सहा प्रती कपाटात पडून होत्या. गॅसवाल्याला एक दिली, बँकेत एक दिली, सगळीकडून तिला काढत गेलो. सोसायटीचं रजिस्टर तेवढं राहिलं होतं. एका जागी तरी ती आहे, असं वाटायचं. वेडेपणा आहे. पण तो कुणाला त्रास देत नव्हता, टेबल येईपर्यंत.

"आणि वारस म्हणजे?" मी विचारलं.

"तुमची मुलगी. तिची सही."

आता गंमत बघा. मुलीने मला इथून नेऊ नये म्हणून टेबल आणायचं. टेबल वर न्यायचं तर आईचं नाव काढायला मुलीने सही द्यायची. आणि मुलगी येणार ती टेबल बघायला. एकोणचाळीस वर्षांत मी असा माल पाहिला नव्हता, की जो आत घ्यायला तो आधीच आत असावा लागतो.

टेम्पोवाला माल परत नेईना. टेबल पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाच्या खोलीसमोर उतरलं. वर ताडपत्री टाकली. दुसऱ्या दिवशी ताडपत्री बाजूला आणि बाकी सगळी सोसायटी टेबलाभोवती. तळमजल्याचे दोघे भाऊ, जे सांडपाण्याच्या नळीवरून चार वर्षं बोलत नव्हते, ते एकमेकांना चेंडू मारत होते. बोलत अजूनही नव्हते. बॅटी माझ्या. चेंडू माझे, बाराचे नऊ झाले होते. एक मोटारीखाली फुटला, एक गटारात गेला, आणि एकाबद्दल कुणालाच काही माहिती नव्हती. मला बघून सगळ्यांनी अगदी आपुलकीने जागा दिली, प्रेक्षकांत. सेक्रेटरीसुद्धा होते. फाइल काखेत धरून डाव्या हाताने खेळत होते.

"इथे परवानगी नाही लागत?" मी विचारलं.

"इथे ते न्यायला लागतंय कुठे? आहेच," ते म्हणाले.

कप्तान मात्र खेळले नाहीत. पहिल्याच सर्व्हिसला वाकताना त्यांच्या कमरेत उसण भरली. त्यानंतर ते पट्टा बांधून खुर्चीवरून सगळ्यांच्या चुका सांगत होते.

चौथ्या दिवशी पंप बिघडला, पंपवाल्याला आत जाता येईना, वरच्या मजल्यांचं पाणी गेलं. तेव्हा कमिटीला माझा कळवळा आला आणि मला तीस दिवसांची हंगामी परवानगी मिळाली. तेवढ्या मुदतीत नाव कमी करायचे कागद न आल्यास टेबल 'सभासदाने स्वखर्चाने खाली आणावे.' कोणत्या सभासदाने, ते लिहिलं नव्हतं.

लिफ्टमध्ये टेबल मावत नव्हतं. दोन हमालांनी दोन अर्धी जिन्याने चढवली. दुसरं अर्धं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं ते तासभर. वर जाईना, खाली येईना. माझ्या हयातीतला पहिला अडकलेला माल. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या तर समोर निळी फळी. त्या फळीपलीकडून म्हणाल्या, "भाऊजी, मला दवाखान्यात जायचंय. दहाची वेळ आहे." कुणी म्हणालं तिरकं करा, कुणी म्हणालं कठडा कापा. कप्तान खालून ओरडले, "फळीला धक्का लावू नका!" शेवटी वहिनींनीच आतून पायाने एक ढोसणी दिली आणि फळी सुटली. एक कोपरा उडाला. डॉक्टरची वेळही गेली. त्या माझ्याशी अजून बोलत नाहीत, आणि चूक त्यांची आहे असं मला म्हणता येत नाही.

हॉल रिकामा करायला हवा होता. सोफा आतल्या खोलीत गेला. तो पलंगाला असा चिकटला की झोपायला सोफ्यावरून चढून जावं लागायचं. जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या कप्तानांनी 'सांभाळायला' नेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरातून माझ्या खुर्चीचा ओळखीचा कुरकुर आवाज आला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी आठ महिने ओट्याशी उभा राहूनच जेवत होतो. 

टेबल लागलं. दोन्ही टोकांना सव्वादोन फूट, बाजूंना अडीच फूट. मोजमाप सूतभरसुद्धा चुकलं नव्हतं. मी समाधानाने बॅट घेतली, एका टोकाला उभा राहिलो, आणि हात मागे नेला. कोपर भिंतीवर आपटलं. झिणझिण्या थेट बोटांपर्यंत. दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे पाठ शोकेसच्या काचेला लागली. तेव्हा मला कळलं की मी कुठे चुकलो. गोदामात माल हलत नाही. मी टेबलाला जागा मोजली होती. माणसाला मोजली नव्हती. ज्याला या खेळातलं काही कळत नाही असा कुणीही ही चूक करणार नाही. ती करायला एकोणचाळीस वर्षांचा अनुभव लागतो.

तरी उपाय काढला. एका टोकाचा गडी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहील आणि दुसऱ्या टोकाचा बाल्कनीचं दार उघडून बाल्कनीत. असं करून तीन दिवस मी भिंत उभी केली आणि बाल्कनीतून तिच्याशी खेळलो. भिंत जिंकली. चेंडू बाल्कनीतून खाली गेले की खालून टाळ्या यायच्या. 

मुलगी बसने आली. दारातून आत आली आणि थांबली. तिच्या हातातली बॅग तशीच.

"बाबा, आपला हॉल कुठाय?"

"हाच की."

"जेवणाचं टेबल?"

"कप्तानांकडे."

"सोफा?"

"आत आहे. सांभाळून जा, चढून जावं लागतं."

ती हातपाय धुऊन आली, बॅट उचलली, तळहातावर आपटून बघितली. "दाणेदार घेतलंत?" म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मी कॉलेजात दोन वर्षं संघात होते, बाबा."

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात मुलीची सगळी माहिती आईकडे जमा व्हायची. मला वर्षातून एकदा गोषवारा मिळायचा : पास झाली, उंची वाढली, चष्मा लागला. टेबल टेनिस गोषवाऱ्यात आलं नव्हतं. किंवा आलं असेल.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, मी बाल्कनीत. मी सर्व्हिस केली. चेंडू माझ्या बाजूला टप्पा न घेता सरळ तिच्या खांद्याला लागला. दुसरा जाळीत. तिसरा तिने इतका हळू परत मारला की लहान मुलालाही मारता आला असता. मी बॅट फिरवली, चेंडू शांतपणे माझ्या बगलेतून बाल्कनीबाहेर गेला. खालून सेक्रेटरींचा आवाज आला, "चांगला होता!"

तिने बॅट टेबलावर ठेवली. "मी भात लावते," म्हणाली.

जेवायला बसायला दुसरी जागा नव्हती. टेबल टेनिसच्याच टेबलावर ताटं मांडली. दोन बुटके वेताचे मोडे मिळाले, त्यावर बसलो. टेबल हनुवटीपर्यंत येत होतं. जाळी काढायची म्हटलं तर तो एक स्क्रू फिरेना. मग ती जाळीच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला. भाजीचं भांडं तिने जाळीवरून पुढे केलं, मी जाळीवरून मीठ दिलं. दोन देशांचे वकील बोलणी करायला बसावेत तसे आम्ही जेवत होतो.

मला वाटलं, हीच वेळ. मी फॉर्म काढला आणि जाळीखालून सरकवला. "एवढी एक सही करशील? टेबलासाठी लागतेय."

तिने वाचला. मोठ्याने वाचला. "'प्रथम सभासदाचे नाव सोसायटीच्या नोंदवहीतून कमी करण्यास माझी हरकत नाही.'" मग माझ्याकडे बघितलं. "हे टेबलासाठी?"

"नियम आहे."

"तुमचीही सही नाहीये इथे."

"म्हटलं आधी तू कर."

"मी नाही करणार," ती म्हणाली. "माझी हरकत आहे."

ती रागाने म्हणाली. मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. 

"बाबा, तुम्ही कधी खेळलायत हा खेळ?"

"नाही."

"एकदाही?"

"तीन दिवस भिंतीशी."

"मग हा सगळा गोंधळ कशाला मांडलात?"

"तू नेशील म्हणून."

तिने घास खाली ठेवला. "मी काय तुरुंगात नेतेय? मी आहे तिकडे, पोरं आहेत. काय वाईट आहे तिकडे?"

"वाईट काहीच नाही."

"आणि इथे काय आहे? दिवसभर करता काय?"

"काही नाही."

"तेच तर म्हणतेय मी!"

"अगं, पण ते मला इथे करता येतं," मी म्हणालो. "तिकडे मी काही केलं नाही तर तू दर तासाने दारात येऊन बघशील. जावईबापू टीव्हीचा आवाज कमी करतील. पोरांना सांगाल, आजोबांशी जाऊन बोला. ती बिचारी येतील आणि माझ्यासमोर उभी राहतील. इथे मी काही करत नाही, आणि त्याचा कुणाला उपद्रव नाही. मला इथे राहायचंय. टेबल नको, खेळ नको. नुसतं राहायचंय."

एवढं सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिचा आवाज बदलला.

"आणि मी काय करू? माझी आई गेली, बाबा. तिकडे तिला ओळखणारं कुणी नाही. सासूबाई तिला एकदाच भेटलेल्या. रोज सात वाजता मी तुम्हाला फोन करते, वाटतं आज तरी तुम्ही तिच्याबद्दल काही म्हणाल. तुम्ही म्हणता, 'काही नाही.' आणि ठेवून देता. मागची खोली मी तुमच्यासाठी रिकामी केली असं वाटलं तुम्हाला?"

मी "हं" म्हणालो. सवयीने. म्हणून झाल्यावर मला स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटलं.

ती रडली, मी जाळीवरून पाण्याचा ग्लास पुढे केला. तेवढंच मला सुचलं. मग मी तिला सांगितलं, की तिची आई शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात नर्सशी भांडली होती, चहात साखर कमी आहे म्हणून, आणि भांडण जिंकली होती. दोन चमचे जास्त मिळाले. ते ऐकून ती हसली आणि जास्तच रडली. मला अजून एक गोष्ट आठवली, ती सांगितली. मग तिसरी. हात वाळून गेले तरी आम्ही उठलो नाही. फॉर्मवर भाजीचा थेंब पडला होता. तो पुसायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

टेबल तिसऱ्या दिवशी खाली गेलं. मीच सेक्रेटरींना सांगितलं, कागद येणार नाहीत, परवानगी काढून घ्या. ते म्हणाले, "मग टेबलाचं काय?" मी म्हणालो, "ठेवा खाली." ते इतके आनंदले की हमाल त्यांनीच आणले. पंपाच्या खोलीच्या दुसऱ्या अंगाला जागा मोजून ठेवली होती, टेबलालाही आणि माणसांनाही. माझ्यापेक्षा बरी. संध्याकाळपर्यंत भिंतीवर तक्ता लागला : 'सोसायटीचे क्रीडासाहित्य. वेळ नोंदवूनच खेळावे.' आठवड्याच्या सगळ्या वेळा भरलेल्या होत्या. मंगळवार, पाच ते साडेपाच, एवढी एक आमच्या फ्लॅटला सोडलेली. समोर नाव हिचं.

"पहिल्या सभासदाच्याच नावाने नोंद होते," सेक्रेटरी फाइलकडे बघत म्हणाले. "माझा इलाज नाही."

मुलगी तक्त्यासमोर बराच वेळ उभी होती. "आईला घाम आलेला आवडायचा नाही," म्हणाली. मग आम्ही दोघं जिना चढून वर आलो. रिकाम्या हॉलमध्ये बसायला काहीच नव्हतं. कप्तानांकडे टेबल-खुर्च्या मागायला गेलो तर ते सहकुटुंब जेवत होते. म्हणाले, "एवढं होऊ द्या." ते होऊन आता बरेच दिवस झाले.

बुधवारी तिला बसवर सोडायला गेलो. तेव्हा कळलं की तिने परतीची तिकिटं दोन काढली होती, शेजारशेजारच्या जागा. एकावर माझं नाव.

"रद्द करून टाक," मी म्हणालो.

"राहू दे. बॅग ठेवायला होईल." तिने खिडकीशी बसून बॅग शेजारी ठेवली. मी खाली, खिडकीबाहेर. बस भरत गेली. शेवटी एक जाड गृहस्थ हातात डबा घेऊन आले, बॅगेपाशी थांबले.

"इथे कुणी आहे का?"

"हो," ती म्हणाली. "माझे वडील."

त्याने इकडेतिकडे बघितलं. तिने खिडकीतून माझ्याकडे बोट केलं. गृहस्थाने वाकून मला बघितलं आणि मान डोलावून बाजूला सरकला, मला चढायला वाट करून देत. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. गृहस्थ मला हाताने खुणा करायला लागला, चला, चला, बस सुटतेय. मी हात जोडले. तो आणखी जोरात खुणा करायला लागला. मुलगी समोर बघत होती, हसू दाबत, की काय दाबत, कोण जाणे.

बस हलली, वळली. मागच्या काचेतून दिसत होतं तोवर तो भला माणूस उभाच होता, डबा हातात धरून, माझी जागा राखत.